पर्सीने धरलेला दोर

पर्सी वॉर्डल रात्री कानातलं यंत्र काढून ठेवायचा, तरी पहाटे कुणी इंजिन लावलं की त्याला कळायचंच. म्हणायचा, "मी कानाने नाही ऐकत, पाठीने ऐकतो." लांबची धडधड पाण्यातून बोटीत यायची आणि फळीतून त्याच्या पाठीत.

श्रॉपशरच्या कालव्यावर, खोल खिंड संपते तिथे आमच्या नऊ बोटींची रांग असायची. आम्ही बारा महिने बोटीवरच राहणारी माणसं. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन लावायचं नाही, आणि बांधलेल्या बोटींजवळून जाताना पाणी हलणार नाही इतकं हळू जायचं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण ते पाळायला लावायचा तो पर्सी.

कालव्यातली बोट चालत्या माणसाएवढीच पळते, त्यामुळे चुकलेल्याची सुटका नसायची. पर्सी पायजम्यावर कोट चढवून काठाच्या वाटेने बोटीबरोबर चालत राहायचा. "काय हो, राणीचं टपाल पोचवायचंय का? घरीही झोपलेल्यांच्या उशाशी असाच ढोल बडवता का?" भाड्याची बोट घेऊन सुट्टीवर आलेली मंडळी लाजून मान खाली घालायची. न ऐकणाऱ्यांच्या बोटीच्या छपरावर पडलेला बांधायचा दोर ओढून, काठावरच्या लोखंडी खांबाला गुंडाळून त्याने दोनदा बोटी थांबवल्या होत्या. तेव्हा आम्ही हसलो होतो. मी तर टाळ्याही वाजवल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

त्याच्या रागाला कारण होतं. वीसेक वर्षांपूर्वी एक बोट पहाटे सुसाट गेली, तिच्या लाटेने पर्सीची बोट काठाला बांधलेल्या मेखा मऊ मातीतून उपटल्या, आणि स्टोव्हवरची उकळती किटली त्याची बायको एडना हिच्या मांडीवर पडली. ती पुढे दुसऱ्याच दुखण्याने गेली, पण तो भाजल्याचा डाग शेवटपर्यंत होता.

ग्लेनिस आणि इद्रिस प्रॉबर्ट हे वेल्सचं जोडपं आमच्यापासून जरा लांब, खिंडीच्या आत बोट बांधायचं. दोघंही साठीचे. इद्रिस पर्सीला शनिवारी पत्त्यांत हरवायचा आणि वर म्हणायचा, "म्हाताऱ्या, तुला पत्ते दिसत नाहीत की मोजता येत नाहीत?" पर्सीला असं बोलू शकणारा तो एकटाच.

नोव्हेंबरात एका पहाटे पाचला इद्रिसच्या छातीत कळ आली. खिंडीत फोन लागत नाही. ग्लेनिस छपरावर चढली तेव्हा कुठे लागला. फोनवरच्या बाईने सांगितलं, रुग्णवाहिका आमच्या बोटींच्या पुढच्या पुलापर्यंतच येईल, तिथून चिखलातून स्ट्रेचर आणायला अर्धा तास तरी जाईल. ग्लेनिसने बोटच पुलाकडे न्यायची ठरवली. मैलभर अंतर. इद्रिस आत पलंगावर आणि ती मागे सुकाणूवर, एकटी.

मला इंजिनाचा आवाज आला. पाठोपाठ पर्सीचा दरवाजा वाजला. मी मनात म्हटलं, आता कुणाची तरी खरडपट्टी निघणार, आणि पांघरूण डोक्यावर ओढलं.

"पाच वाजलेत! आठनंतर जा कुठे जायचं ते!"

मग ग्लेनिसचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. दोर ताणल्याचा कर्रकन आवाज झाला, बोट काठावर आदळली, आणि मग जी किंकाळी आली तिने मी अनवाणी बाहेर आले.

बोटीचं बूड काठच्या गाळात रुतलं होतं. ग्लेनिस ओरडत होती, "इद्रिस मरतोय, पर्सी! सोडा, सोडा दोर!" पर्सीने तो सोडला होता, पण आता बोट हलेना. आम्ही दोघांनी बांबू लावून रेटलं. पर्सी गुडघाभर गार पाण्यात उतरला. बोट निघायला दहा मिनिटं लागली असतील. मी नंतर पुष्कळदा हिशेब केला, कधी आठ येतात, कधी बारा.

पुलाखाली रुग्णवाहिकेचे लोक उभेच होते. त्यांनी तिथेच ओल्या फरशीवर इद्रिसची छाती दाबली. पाऊण तासाने ते थांबले.

दहा मिनिटांनी काय फरक पडला असता, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. सांगता येत नाही, म्हणाले.

दफनानंतर चार दिवसांनी पर्सी माझ्या दारात आला. "हेस्टर, माझ्याबरोबर चल. एकट्याने जमायचं नाही."

ग्लेनिसने आम्हाला आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही.

"यंत्र कानात नव्हतं," पर्सी म्हणाला. "ऐकू आलं नाही. पण दिव्यात तुझं तोंड दिसलं होतं. काहीतरी ओरडत होतीस. मला वाटलं, शिव्या देतेयस. म्हणून आणखी एक वेढा घातला."

ग्लेनिस म्हणाली, "तुमच्या बोटी दिसल्या आणि मी इंजिन मंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझा माणूस आत मरत होता आणि माझ्या हाताने आपण होऊन वेग उतरवला. लोक झोपलेत ना, म्हणून. हळू गेले नसते तर तुमच्या हाती दोर लागलाच नसता."

"ग्लेनिस—"

"हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. माझं मला पुरेसं आहे. तुमचं तुम्ही न्या."

बाहेर येऊन पर्सी वाटेवरच खाली बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पांघरूण डोक्यावर ओढल्याचं मात्र मी त्याला सांगितलं नाही. आजतागायत कुणालाच सांगितलेलं नाही.

वसंतात ग्लेनिसने बोट विकली आणि ती बहिणीकडे ऑस्वेस्ट्रीला गेली. पर्सी नंतर इंजिनावरून कुणाला काही बोलला नाही. हे कळल्यावर लोक सहाला, साडेपाचलाही इंजिनं लावू लागले. एकदा एका टोळक्याची बोट इतक्या जोरात गेली की पर्सीची बोट सुटून कालव्यात आडवी फिरली. तो हातोडा घेऊन उतरला आणि मुकाट्याने मेखा ठोकत बसला. टोळकं हसत होतं. मी शिव्या दिल्या तर मलाच म्हणाला, "जाऊ दे गं. घाई असेल कुणाला."

दुसऱ्या हिवाळ्यात त्याचे गुडघे गेले आणि नगरपालिकेने त्याला स्टॅफर्डला म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली दिली. मी एकदा जाऊन आले. खोली गरम होती, खिडकीखाली मोटारी उभ्या करायची जागा. त्याने चहा केला, बिस्किटं काढली.

"झोप लागते का?" मी विचारलं.

"जमीन हलत नाही गं इथे," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "ग्लेनिसचं पत्रबित्र?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. कप भरलेलाच होता. चहा बशीत सांडला. मी तो बशीतूनच प्यायले.