हिराबाईंना दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. निवृत्तीच्या समारंभात लोक माझ्याबद्दल इतकं भरभरून बोलत होते, तेव्हा तर नाहीच. आज तुम्हालाच का सांगतोय — तेही मला नीट ठाऊक नाही. बसा जरा. थोडं आडवळणानं सांगेन. सरळ सांगता आलं असतं तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो, नाही का?

मी शाळामास्तर. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या बाजूला, एका वस्तीवरच्या शाळेत नोकरी होती. वस्तीचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. बायको बारामतीतल्या शाळेत शिकवायची, म्हणून बिऱ्हाड बारामतीत. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. शिकवायचो सगळेच विषय, पण माझा जीव नागरिकशास्त्रात. हसू नका. बाकीचे मास्तर तो विषय परीक्षेच्या तोंडावर उरकून टाकायचे, मी मात्र त्यात रमायचो.

त्याचं मूळ आमच्या घरात होतं. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण आता आपल्यावर माणसाचा हुकूम चालत नाही, कायद्याचा चालतो, हे त्यांनी आम्हा भावंडांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की प्रत्येक घरात जेवताना हेच बोलत असतील असं मला लहानपणी वाटायचं. कायदा हा शब्द आमच्याकडे इतर लोक देवाचं नाव घेतात तसा घ्यायचे. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी त्याच शब्दाचं जे केलं ते केलं.

तेव्हा गावोगाव साक्षरतेचे वर्ग चालायचे. आमच्या वस्तीतला बायकांचा वर्ग मी विहारात घ्यायचो. शाळा सुटल्यावर थांबायचो आणि शेवटच्या गाडीनं परतायचो. बायका खुरपणीवरून यायच्या, भाकऱ्या उरकायच्या आणि पाट्या घेऊन बसायच्या. एकदा सगळ्याच दमलेल्या होत्या, अक्षरं पुढं सरकेनात. मी फळा बाजूला ठेवला आणि संविधान सांगायला लागलो. म्हणालो, सरकार लई मोठं असतं, पण त्यालाही बांध असतो. शेजाऱ्यानं आपला बांध कोरला तर आपण गप्प बसतो का? तसंच आहे हे. कारण न सांगता सरकार तुम्हाला कोंडून ठेवू शकत नाही. तुमच्या मर्जीशिवाय तुमच्या अंगाला हात लावायचा, तुमच्यावर दवापाणी करायचा हक्क सरकारलासुद्धा नाही. एकीनं पदर तोंडाला लावून विचारलं की मग नवऱ्यालाही असा बांध आहे का, आणि सगळा वर्ग हसून लोटपोट झाला. मीही हसलो. हसल्या नाहीत त्या एकट्या हिराबाई.

हिराबाई माझ्या वर्गातली सगळ्यात तयार बाई. वयानं माझ्याच बरोबरीच्या. नवरा कारखान्याच्या सीझनला ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, दिवाळीनंतर गेला की उन्हाळ्यातच घरी यायचा. मोठी मुलगी संगीता, तिच्या पाठचा एक मुलगा. तिसरं लेकरू, मुलगी, आदल्या वर्षी तापानं गेलं. दवाखान्यात नेलं होतं, पण त्या दिवशी तिथं डॉक्टर नव्हते. हिराबाईंना अजून एक मूल हवं होतं. हे त्या लपवायच्या नाहीत. गेलेलं लेकरू माघारी येत न्हाय, पण कूस रिकामी राहिल्यासारखं वाटतं, असं त्या बायकांत बोलायच्या. मी पाट्या तपासत बसलेला असायचो, मला ऐकू यायचं.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच कबूल करून टाकतो.

आता ‘केस’ सांगायला हवी. आजच्या पोरांना ही भानगड ठाऊक नसेल. त्या काळी कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला माणूस आणून देणं हेही आम्हा मास्तरांचं काम होतं. मास्तर, ग्रामसेवक, तलाठी, नर्सबाई — सगळ्यांना कोटा ठरवून दिलेला. ऑपरेशनला नेलेल्या बाईला केस म्हणायचे. बाई नाही, केस. मार्च जवळ आला की मास्तर भेटले की पहिला प्रश्न हाच, तुमची केस झाली का? लोक एकमेकांच्या केसा पळवायचे. एकदा ऑपरेशनच्या शिबिराच्या दारात एका बाईवरून आमचे एक मास्तर आणि एक ग्रामसेवक हमरीतुमरीवर आले होते. ती बिचारी मध्ये पिशवी धरून उभी. आम्ही पुढं किती दिवस तो किस्सा रंगवून सांगत होतो. मीसुद्धा सांगत होतो.

त्या वर्षी माझी केस झाली नव्हती. तालुक्याच्या मीटिंगमध्ये मला उभं केलं. पगारवाढ थांबेल, आणि डोंगरातल्या तालुक्यात बदली होईल, असं सगळ्यांसमोर ऐकवलं. बायकोची नोकरी बारामतीत, मुलगी लहान. बदली झाली असती तर घर मोडल्यासारखंच होतं. मी कारणं देत नाहीये, घडलं ते सांगतोय. — छे, कारणंच देतोय. बघा, इतक्या वर्षांनी सांगायला बसलो तरी जीभ तिकडंच वळते.

कारणांचं सोडा. मी गेलो कुणाच्या दारात, ते विचारा. वस्तीला लागून उसाचे मोठे बागायतदार होते, त्यांच्याही घरात पोरंबाळं होती. तिथं मी गेलो का? तिथं चहा मिळाला असता आणि ‘बघू की गुरुजी’ म्हणून बोळवण झाली असती. जास्त बोललो असतो तर त्यांनी वर फोन केला असता. मी गेलो आपल्याच समाजाच्या आळीत. तिथं माझ्या शब्दाला किंमत होती. जिथं विश्वास होता तिथंच मी हात घातला.

हिराबाई दारात ज्वारी निवडत होत्या. मी आधी गोडीनं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, मालक उन्हाळ्यात आले की विचारते, आणि मला आधी अजून एक लेकरू हवंय. किती साधं होतं ते. उठून यायला पाहिजे होतं. पण शिबिर दोन दिवसांवर होतं. मी आवाज बदलला. वर्गात धाक दाखवायचा एक आवाज असतो मास्तरांचा — तो काढला. म्हणालो, आता नवा कायदा झालाय. दोन मुलं असतील त्या बाईला ऑपरेशन करावंच लागतं. नाही केलं तर सरकारी दवाखान्यात तिच्या मुलांना औषध मिळणार नाही.

असा कुठलाही कायदा नव्हता. शब्द तोंडातून निघत होते तेव्हाच मी ते रचत होतो. आणि दवाखान्याचंच का काढलं? कारण कुठं बोट ठेवलं की दुखेल हे मला ठाऊक होतं. तिचं एक लेकरू औषधाविना गेलेलं होतं.

हिराबाईंचे हात सुपातच थांबले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. भांडायला नाही, एखादं गणित अडल्यावर वर्गात बघायच्या ना, अगदी तसं.

“गुरुजी, तुमीच म्हनला व्हता, सरकारलाबी बांध असतो. मग सरकारला आसं करता येतं का?”

“येतं,” मी म्हणालो.

झालं. एवढंच. आडवळणानं इथपर्यंत यायचं होतं.

दुसरं काहीही बोललो असतो तरी चाललं असतं. माहीत नाही म्हणालो असतो. विचारून सांगतो म्हणालो असतो. त्या प्रश्नाचं उत्तर त्या पंचक्रोशीत ज्या कुणाला नीट येत होतं, त्यांतला मी एक. आणि जिनं ते माझ्याकडूनच शिकून मलाच विचारलं, तिला मी उलटं उत्तर दिलं. सरकारनं तिच्यावर जबरदस्ती केली असं म्हणायची सोय नाही. सरकार कुठं आलं होतं तिच्या दारात? मी आलो होतो.

तिसऱ्या दिवशी जीप आली. शिबिरात संमतीची सही घेतात, तिथं बाकीच्या बायकांनी अंगठे उठवले. हिराबाईंनी सही केली. मी शिकवलेली अक्षरं, एकेक जपून काढलेली. तिथल्या माणसानं कौतुक केलं तशा त्या माझ्याकडं वळून किंचित हसल्या.

माझी बदली टळली. पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांबरोबर मलाही सत्काराचा नारळ मिळाला, आणि तो मी घरी आणला. खोबऱ्याची चटणी झाली, मी ती खाल्ली. उन्हाळ्यात हिराबाईंचा नवरा आला. तो कित्येक दिवस तिच्याशी बोलला नाही, असं आळीतून कानावर आलं. तिनं माझं नाव घेतलं नाही. कायदाच तसा झालाय, एवढंच त्याला सांगितलं म्हणे. वर्गाला ती येत राहिली, मीही शिकवत राहिलो, पण बांधाचा विषय मी पुन्हा कधी काढला नाही. दोनेक वर्षांनी आम्हाला मुलगा झाला. आम्हाला हवा तेव्हा. आम्हाला कुणी काही विचारलं नाही.

पुढं तो कोटा सरकारनंच बंद केला. माझीही बदली बारामतीजवळ झाली, रीतसर, मागून घेतलेली. इथं गोष्ट संपली असती तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो.

दशक सरत आलं होतं. एका आजारी नातेवाइकाला भेटायला मी बारामतीतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. बाळंतिणींच्या खोलीबाहेरून जाताना कुणीतरी ‘जयभीम, गुरुजी’ म्हणालं. हिराबाई. मांडीवर नात. संगीता दुसऱ्यांदा बाळंत झालेली, खाटेवर बसून होती. नर्सबाई नुकतीच येऊन गेली होती. ऑपरेशन करायचंय का, विचार करून सांगा, एवढंच ती म्हणाली होती. संगीताला इतक्यात नको होतं. आणि हिराबाई तिला समजावत होत्या की नको म्हणून चालत न्हाय बाई, दोन लेकरांवर करावंच लागतं, न्हायतर या पोरींना औषध मिळायचं न्हाय. त्या माझ्याकडं वळल्या.

“इचार की गुरुजींस्नी. त्यांनीच सांगितलं व्हतं मला. गुरुजी खोटं सांगायचे न्हाईत.”

संगीता माझ्याकडं बघत होती. मी दारात उभा. माझं खोटं आईकडून लेकीकडं निघालं होतं आणि वाटेत मी उभा होतो. तेव्हा सगळं सांगता आलं असतं. हिराबाई, मी खोटं बोललो होतो, असं म्हणायला किती वेळ लागतो? लाज वाटली. भीतीही वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीतीच जास्त. त्या माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर मला गमवायची नव्हती.

मी संगीताला म्हणालो, तो कायदा आता बदललाय. आता कुणी जबरदस्ती करू शकत नाही, औषधही बंद होत नाही. तुझी मर्जी.

पोरीचा चेहरा उजळला. हिराबाईंनी नातीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

“बरं झालं बाई,” त्या लेकीला म्हणाल्या. “माझ्या येळंला न्हवता बदलला.”

मग त्यांनी मला बसवून घेतलं, चहा मागवला. मी तो प्यालो. बस चुकेल म्हणून उठलो. बस कसली, मी चालत आलो होतो.

हिराबाई आता नाहीत. कायदा बदलला होता, असं समजूनच त्या गेल्या.