इंग्रजी पाचवीतली बाहुली

मिशनच्या शाळेत काय शिकलात, असं आजही कोणी विचारलं तर मी सांगते, चहाच्या किटलीला टोपी विणायला शिकले. लोक हसतात. म्हातारी चेष्टा करतेय असं त्यांना वाटतं. चेष्टा कसली डोंबलाची! दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. शहापूरच्या त्या बोर्डिंगात इंग्रजी पाचवीला, म्हणजे हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षी, आम्हा मुलींना तो रीतसर विषय होता. किटली गार होऊ नये म्हणून तिला लोकरीची टोपी! चैत्रात कौलं तापून डोकं भणभणायचं आणि घामेजल्या बोटांना ती मेली लोकर चिकटून बसायची. आमच्या घरी तर किटलीच नव्हती.

मी धसईकडची. घरात सगळे भात लावणारे. गावच्या मास्तरांनी माझ्या बापामागं लकडा लावला, मिशननं फुकट जागा दिली, म्हणून मी शहापूरला आले. मला मॅट्रिक व्हायचं होतं. मॅट्रिक झालेली बाई सरकारी शाळेत मास्तरीण होते, तिला खुर्ची मिळते, असं ऐकलं होतं आणि तेच डोक्यात घट्ट बसलं होतं. इंग्रजी चौथीत भूमिती लागली तेव्हा तर मी हरखूनच गेले. एकदा सिद्ध करून दाखवलं की कोणाचा बापही ते खोटं ठरवू शकत नाही. आमच्या घरात बायकांचं कुठलंच म्हणणं असं टिकत नसे.

पाचवीत गेले आणि भूमिती गेली. शेजारच्या इमारतीत मुलगे होते, त्यांची राहिली. आमच्या वाट्याला सकाळी बायबलचा तास, मग इंग्लंडचे राजे, कोणी कोणाचं मुंडकं उडवलं ते, मग इंग्रजी, शिवण, आजाऱ्याचा स्वयंपाक आणि शिशुसंगोपन. आजाऱ्याच्या स्वयंपाकात कच्चं अंडं दुधात फेटायचं असे. तो वास! दिवसभर नाकातून जायचा नाही, जेवताना घास फिरायचा. आमच्याकडं आजाऱ्याला पेज देतात, असं मी एकदा म्हणाले. शाळेच्या मुख्य बाई, मोठ्या मडम, हे विषय स्वतः शिकवत. त्या म्हणाल्या, "पेज हे अन्न नव्हे. ते पाणी आहे." तांदळाच्या मुलखात बसून ही बाई पेजेला पाणी म्हणते! माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण फुकट जागेवरच्या मुलीनं तोंड उघडायचं नसतं.

शिशुसंगोपनासाठी बाहुली होती. विलायतेहून आणलेली, चिनी मातीची, गुलाबी, सोनेरी केसांची. आडवी केली की डोळे मिटायची. पहिल्या दिवशी मडमनी विचारलं, "बाळाला आंघोळ कोण घालील?" मी टुणकन उठले. धाकटी दोन भावंडं मीच न्हाऊ घातलेली, मला कसली भीती? जमिनीवर फतकल मारून बसले, परकर वर सारला, पाय लांब केले आणि बाहुलीला नडग्यांवर पालथी घातली. पाठ चोळली, ढुंगणावर चापट मारली, उताणी केली, नाक वर ओढलं, टाळूवर पाणी थापलं. अशी मन लावून चोळत होते, की तिचे सोनेरी केस टोपासारखे सुटून माझ्या मुठीत आले.

पोरी खिदळल्या. मडमचा चेहरा पांढराफटक पडला. "ही रानटी पद्धत आहे," त्या म्हणाल्या. त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं, एकेक शब्द तोलून ठेवलेला. "अशाने मूल मरते. तुला शून्य गुण. या विषयात जी नापास होईल तिला सहावी मिळणार नाही. तिची फुकट जागाही जाईल."

अशानं मूल मरतं! अगो, मग आम्ही सगळ्या काय मेलेल्या होतो? माझी आई अशीच न्हाली, तिची आई अशीच न्हाली. त्या दिवशी त्या बाहुलीची मला जी शिसारी बसली ती बसलीच. तिचा तो थंडगार गुळगुळीत गाल हाताला लागला की विंचवाला शिवल्यासारखं व्हायचं.

पण सहावी हवी होती. सहावी म्हणजे मॅट्रिकच्या उंबऱ्याशी पोचणं. म्हणून दात-ओठ खात मी सगळं शिकले. टबातलं पाणी थर्मामीटरनं बघायचं. आधी डोळे, मग कान, मग डोकं. साबण चोळायचा नाही, नुसता फिरवायचा. टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही. दूध घड्याळाच्या काट्यावर. मूल कितीही रडलं तरी वेळ होईतो घ्यायचं नाही. रडणाऱ्या पोराला घड्याळ दाखवणारी आई कुठल्या जातीची असते, देव जाणे. तरी लिहिलं, पाठ केलं, परीक्षेत घडाघडा म्हणून दाखवलं. बाहुलीला एवढी नाजूक आंघोळ घातली, की डोक्यावर नव्यानं डिंकानं चिकटवलेला एकही केस हलला नाही.

मी पहिली आले. मडमनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बापाला बोलावणं धाडलं. मला वाटलं, झालं! सहावी आली हातात.

बाप धसईहून पायी आला. मडमनी खुर्ची दिली तरी व्हरांड्याच्या पायरीवरच बसला. मडम अगदी आनंदानं बोलत होत्या. खर्डीकडं एका साहेबाचा बंगला आहे, त्यांच्या बाईला मूल झालंय, त्यांना आया हवी आहे, पगार चांगला, कपडे, जेवण, राहणं. "दरवर्षी पहिल्या आलेल्या मुलीला मी अशा चांगल्या घरी देते," त्या म्हणाल्या.

देते! वासरू द्यावं तसं.

"आणि सहावी?" मी विचारलं.

"सहावी फी भरणाऱ्या मुलींसाठी आहे. तुला जे लागते ते तू शिकलीस."

म्हणजे नापास झाले असते तर घरी, आणि पहिली आले म्हणून साहेबाच्या मुलाची दुपटी धुवायला. तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर मी ज्यासाठी नाक दाबून ती अंडी फेटली, त्या टोप्या विणल्या, ते हे होय? मी बापाकडं बघितलं. तो कपाळाला आठ्या घालून विचार करत होता. त्याला एक गोष्ट खरंच कळत नव्हती.

"मडमबाय, येक इचारू?" तो म्हणाला. "पोर न्हाऊ घालायचं काम हाय. त्याला हिला पाच यत्ता इंग्रजी कशाला शिकवलीत तुमी?"

मडम हसल्या. प्रश्न सोपा होता त्यांना.

"बाळाच्या आईला मराठी येत नाही ना!"

बापानं मान डोलवली. त्याला ते पटलं. त्याचा मला राग आला नाही, त्याला विचारलं त्याचं उत्तर मिळालं होतं. मला मात्र तेव्हा सगळं उमगलं. व्याकरण, राजे, कविता, निबंध, माझं सगळं इंग्रजी त्या बंगल्यातले हुकूम कळावेत म्हणून होतं.

मडमनी माझ्याकडं वळून इंग्रजीत विचारलं, कामावर कधी रुजू होशील? एकूणएक शब्द कळला मला.

"मी नाय जायची," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी मराठीत. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी माझ्या बापाला शांतपणे समजावलं, की फुकट जागा आजपासून संपली. बाप उठला आणि त्यानं माझी ट्रंक खांद्यावर घेतली. मॅट्रिक मी झाले नाही, त्या वर्षी नाही आणि पुढंही कधी नाही.