शेवट तेवढा वहिनीचा

रेडिओवर बायकांचा कार्यक्रम लागला की ऐकणाऱ्यांना वाटायचं, बोलणारी बाई अगदी मनातलं बोलते आहे. मनातलं कसलं! "या, बसा" पासून "आता रजा घेते" पर्यंत सगळं कुणीतरी आधी लिहून दिलेलं असे. नागपूरच्या केंद्रावर ती लिहून देणारी मी होते. भाषण डॉक्टरीणबाईंचं, पाककृती धरमपेठेतल्या हौशी बायकांच्या, गाणी गाणारणींची. माझ्या वाट्याला सुरुवात, शेवट आणि मधली ओळख. आमचे साहेब सुरुवातीला ओपनिंग म्हणत आणि शेवटाला क्लोजिंग. मधल्या ओळखीला त्यांच्याकडे एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते मी कधी तोंडात घेतलं नाही.

लोकांना हे काम फुटकळ वाटे. म्हणावं, करून बघा. सुरुवात अशी हवी की चुलीपुढची बाई हातातलं लाटणं न ठेवता तशीच दारात आली पाहिजे. मधली ओळख उशिरा आलेल्या बाईसाठी असते. हे नागपूर आहे, बायकांचा कार्यक्रम चालला आहे, अमुक होऊन गेलं, आता तमुक आहे, हे तिला सांगायचं, पण तू उशिरा आलीस असं तिला वाटू द्यायचं नाही. शेवट सगळ्यांत अवघड, कारण तो घड्याळावर संपवावा लागतो. आधीच्या बाईंनी भाषण लांबवलं की शेवट आखडायचा, त्यांनी लवकर आवरलं की ताणायचा. म्हणून मी दर वेळी एक आखूड आणि एक लांब असे दोन शेवट लिहून ठेवत असे. तेव्हा सगळं थेट जायचं. तोंडून सुटलं ते आसपासच्या मौद्या-उमरेडपर्यंत पोचलं, परत घ्यायची सोय नव्हती.

आमचं घर सक्करदऱ्याकडे, विणकराचं. पुढच्या खोलीत दोन माग आणि मागच्या खोलीत आम्ही सगळे. मी मॅट्रिक होऊन रेडिओत लागले याचं बाबांना कौतुक होतं आणि मायला काळजी. एवढ्या शिकलेल्या पोरीला आता मुलगा कोण देणार, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असे. माझा थोरला भाऊ छातीच्या दुखण्यानं गेला होता. त्याची बायको, माझी वहिनी, माझ्याहून दोनतीन वर्षांनीच मोठी. भाऊ गेला आणि तिला चरख्यावर सुताच्या कांड्या भरायला बसवलं. माग तिच्याकडून काढून घेतला असं कुणी म्हणालं नाही, पण तसंच झालं होतं. आमच्यात नवा ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, मागावर चढला की सवाष्ण त्याला हळदीकुंकू लावते आणि पहिला धोटा तीच टाकते. विधवेनं त्या वेळी खोलीतसुद्धा थांबायचं नाही. दहा बोटं लुगडं विणून झालं, की मग तिनं खुशाल कमरेत वाक येईस्तोवर राबावं, तेव्हा कुणाची हरकत नसे.

वहिनी सातवी शिकलेली होती आणि तिचा आवाज असा होता की तिनं नुसतं "पाणी आलं" म्हटलं तरी ऐकत राहावंसं वाटे. मी लिहून आणलेलं आधी तिच्याकडून वाचून घेत असे. ती एका हातानं चरखा फिरवायची आणि कागद गुडघ्यावर ठेवून वाचायची. कुठं दम तुटतो, कुठं शब्द अडतो ते तिच्या तोंडून लगेच कळे. कधी कधी ती मान वर न करता म्हणायची, "बाई, हे तुमी कॉलेजच्या पोरींसाठी लिवलं का?" की मी मुकाट्यानं तेवढं वाक्य खोडत असे.

त्या वर्षी उमरेडहून तिचा भाऊ आला. मौद्याला एक शेतकरी होता, बायको मेलेला, पन्नाशी केव्हाच ओलांडलेला, घरात लग्नं झालेली मुलं. त्याच्याशी वहिनीचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावून द्यायचं तो ठरवूनच आला होता. वहिनी मागच्या खोलीत गेली ती बाहेर आलीच नाही. बाबा म्हणाले, "थांब गा जरा. पोरीचं इथं काई बसलं, तर मी नाई धाडत तिले."

बाबांचं 'इथं काई बसलं' म्हणजे नागपुरातच तिच्या कमाईची सोय झाली तर, हे आम्हा दोघींना बरोबर कळलं. दुसऱ्या आठवड्यात मी वहिनीला रेडिओवर घेऊन गेले.

साहेब पुण्याकडचे, चांगले शिकलेले, बोलायला गोड. त्यांनी काचेपलीकडून वहिनीचा आवाज ऐकला आणि धावतच आत आले. "अहो, होत्या कुठं या इतके दिवस?" मग त्यांची नजर तिच्या कपाळाकडे गेली आणि त्यांचा आवाज खाली आला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे पाहा, मी स्वतः असलं काही मानत नाही. पण सुरुवात म्हणजे शुभारंभ असतो. उद्या कुणी बोट ठेवलं तर? मधली ओळख आणि क्लोजिंग त्यांनी करावं. ओपनिंग दुसऱ्या बाई करतील."

मला हसू आलं आणि रागही आला. साहेबांनी कधी मागाच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, तरी ताण्याचा नियम त्यांना पाठ होता.

वहिनीनं ते मान्य केलं. दुसऱ्या बाई सुरुवात करून उठून जात आणि मग त्या खुर्चीत वहिनी बसे. तिच्या तोंडून "हे नागपूर" ऐकताना मला आपलं शहर नव्यानं भेटल्यासारखं वाटे. शेवट तर तिनं असे काही केले की दोन शेवट लिहायची माझी सवयच सुटली. भाषण लांबो की आखूड होवो, एकच शेवट ती वाटेल तसा आवरून किंवा पसरून नेमका घड्याळावर आणून ठेवी. घरी मात्र याचा काही उपयोग नव्हता. अर्धं काम कधी थांबेल त्याचा नेम नसतो, हे बाबांनाही कळत होतं आणि उमरेडच्या भावालाही. तो दर महिन्याला येई, ओसरीवर बसे आणि चहा पिऊन जाई.

संक्रांतीच्या आधी सुरुवात करणाऱ्या बाईंच्या नवऱ्याची जबलपूरला बदली झाली. साहेबांनी चारपाच जणींचे आवाज ऐकले. कुणी नाकात बोले, कुणी कागद दिसताच घामाघूम होई. शेवटी त्यांनी मला बोलावलं. "संक्रांतीचा कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटापर्यंत तुमच्या वहिनींना करू द्या. नीट झालं की मी कायमच्या जागेसाठी त्यांचं नाव पाठवतो. रेडिओत कुणाचं कपाळ कुणाला दिसतंय?"

ती सुरुवात मी जितक्या वेळा लिहिली तितक्या वेळा आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही. आज घरोघर हळदीकुंकू आहे, तुम्हाला बोलावणी आली असतील, जरूर जा. पण जिला आज कुठलंच बोलावणं नाही तिनं आधी इथं यावं, इथं दाराला उंबरा नाही, असं काहीसं ते होतं. वहिनीनं ते एकदा वाचलं आणि चरखा थांबवला. "हे मी म्हणू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तूच म्हणायचं." तिनं ते पाठच करून टाकलं. पाणी भरताना, भांडी घासताना तिचे ओठ हलत असत. उमरेडच्या भावाला बाबांनी निरोप धाडला, की संक्रांत होईस्तोवर येऊ नको.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला एक पाहुणीबाई बोलावल्या होत्या. मोठ्या घरच्या, सभासमारंभांत मिरवणाऱ्या. त्या येताना चांदीचा करंडा आणि तिळगूळ घेऊन आल्या. बसल्या बसल्या त्यांना वाटलं, आपण सगळ्या सवाष्णी-कुमारिका इथं जमलोच आहोत तर कुंकू लावून घेऊ. गाणाऱ्या मुलींना लावलं, डॉक्टरीणबाईंना लावलं, मला लावलं. मग करंडा हातात घेऊन त्या मायक्रोफोनपाशी गेल्या. वहिनी कागद पुढ्यात ठेवून बसली होती. पाहुणीबाईंचं बोट कुंकवात बुडालेलं होतं, ते तिथंच थांबलं.

"सुरुवात ह्या करणार?" त्यांनी विचारलं. वहिनीला नाही, काचेकडे बघून विचारलं.

साहेब आत आले. पाहुणीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सणाचा दिवस आहे हो. मला तसं काही नाही, पण घरोघर बायका ऐकतात."

त्यांनाही तसं काही नव्हतं. त्या खोलीत कुणालाच तसं काही नव्हतं. मी म्हणाले, "साहेब, रेडिओत कपाळ दिसत नाही असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

"ऐकणाऱ्यांना दिसत नाही," साहेब म्हणाले, "इथं बसलेल्यांना दिसतं." आणि त्यांनी वहिनीच्या पुढ्यातला कागद उचलून पाहुणीबाईंना दिला.

मी तोंड उघडणार तोच वहिनी उठली. "राहू द्या बाई," ती मला म्हणाली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. कुणाला सांगावं लागलं नाही. ताणा चढताना घरी जशी ती आपणहून बाहेर जायची, तशीच.

लाल दिवा लागला. सुरुवातीची सनई वाजून संपली आणि पाहुणीबाईंनी वाचायला घेतलं. जिला आज कुठलंच बोलावणं नाही तिनं आधी यावं, हे त्यांनी छान हसऱ्या आवाजात वाचलं. इथं दाराला उंबरा नाही, हेही वाचलं. एका शब्दाला अडखळल्या नाहीत. मी वहिनीकडे बघायचं टाळत होते, तरी दिसलंच. बाईंच्या वाचण्याबरोबर तिचे ओठ हलत होते. माझं लिहिलेलं मला आयुष्यात इतकं घाण कधी वाटलं नव्हतं. कागद हिसकून घ्यावा आणि त्या करंड्यासकट बाईंना बाहेर काढावं असं वाटत होतं. पण लाल दिवा जळत असताना त्या खोलीत कुणी खोकतसुद्धा नसे.

मधली ओळख आणि शेवट वहिनीनं केला. तोही असा, की साहेबांनी काचेपलीकडून खूश होऊन दोन्ही हात वर केले.

घरी आलो तर माय दारातच उभी होती. गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यावर रेडिओ होता, तिथं आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन ती उभी राहिली होती. "काहून वं," तिनं मला विचारलं, "सुरवातीले सुनेचा आवाज काहून नाई आला? मी त साऱ्याईले सांगून ठेवलं होतं."

मी झालं ते सांगितलं. मायनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "त्या बाईचं बी काय चुकलं बाप्पा! सणाचा दिवस होता." मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले आणि तिला रडवलं, आणि त्यानं काही झालं नाही.

साहेबांनी वहिनीचं नाव पाठवलं नाही. पाहुणीबाईंच्या कुणा भाचीला सुरुवातीला बसवलं आणि मग सोयीसाठी मधली ओळख आणि शेवटही तिच्याकडेच गेले. उमरेडचा भाऊ आला तेव्हा बाबांकडे त्याला सांगायला काही उरलं नव्हतं. पाटाला मांडव नसतो, वाजंत्री नसते. मौद्याची चार माणसं आली आणि वहिनीला घेऊन गेली. जाताना तिनं भरायच्या राहिलेल्या कांड्या टोपलीत नीट लावून ठेवल्या होत्या.

पावसाळा गेला. भाचीला चांगलं स्थळ आलं आणि तिनं रेडिओ सोडला. एक दिवस साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, चेहरा अगदी खुललेला. "तुमच्या वहिनींचं पुन्हा लग्न झालं म्हणे? अहो, मग आता अडचण कसली? बोलवा त्यांना. ओपनिंगसुद्धा त्यांनाच देऊ."

माझ्या हातापाशी शाईची दौत होती. ती मी फेकली नाही, कारण मला वहिनी परत हवी होती. रविवारी मोटारीनं मौद्याला गेले.

ती अंगणात तूर पाखडत बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मला बघून तिनं सूप टाकलं आणि माझे दोन्ही हात धरले. हात तिचेच होते, फक्त बोटांवर सुताऐवजी मातीच्या भेगा होत्या. आत ओसरीत तिचा नवरा खाटेवर पडून खोकत होता. खोकला थांबला की धाप लागे, धाप थांबली की खोकला. तिच्याच वयाच्या तिच्या सावत्र सुनेनं मला चहा आणून दिला आणि ती आत गेली.

मी वहिनीला सगळं सांगितलं. नवऱ्याच्या औषधपाण्याची नागपुरात सोय होईल, आमच्याकडे राहा, बाबांना मी विचारून आले आहे, असंही सांगितलं. ती ऐकत होती.

"सुरवात बी मीच करायची?" तिनं विचारलं.

"सुरुवात, मधलं, शेवट. सगळं तुझं."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. संक्रांतीआधी पाणी भरताना ओठ हलवायची तेव्हा असायचं, तेच. मला वाटलं, ही आत्ता उठते आणि गाठोडं बांधते. तेवढ्यात ओसरीत खोकल्याची उबळ आली, ती लवकर थांबेना. वहिनी तिकडे बघत राहिली आणि मग कार्यक्रमाचा शेवट करताना लावायची तशा शांत आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्या साहेबाले एक विचारजा. हा बुढा मेला, त माह्या हातातला कागद त्याच दिवशी काढून घेतीन, का तेरवी होऊ देतीन?"