दुसरा धडा झोपेत गेला

आमच्या सासूबाईंच्या कात्रीला हात लावायची घरात कुणाची छाती नाही. माझ्या नवऱ्याने लहानपणी एकदा त्या कात्रीने पतंगाचा कागद कापला होता. आता त्याला टक्कल पडायला आलंय, तरी ती गोष्ट त्याला अधूनमधून ऐकवली जातेच. कापडाची कात्री कागदाला लावली की धार जाते, हे खरं. पण धार परत लावता येते, हे त्याने आजवर बोलून दाखवलेलं नाही.

घराच्या खालची लांबट खोली म्हणजे सासूबाईंचं राज्य. तिथे शाळांचे गणवेश शिवले जातात. दाराशी कापायचं भलंमोठं टेबल, पुढे ओळीने मशिनं, मागच्या भिंतीला इस्त्री आणि खिडकीखाली काज-बटणांची जागा. सासरे अकाली गेले तेव्हा सासूबाईंकडे एक जुनं मशिन आणि एक रडकं पोर एवढंच होतं. शेजारपाजारच्यांचे कपडे उसवून शिवत त्यांनी मशिनांची ओळ उभी केली आणि पोरालाही बऱ्यापैकी उभं केलं. अशी बाई नाकावर माशी बसू देत नाही, याचं मला नवल वाटत नाही. माशीचंच धाडस होत नसावं.

त्यांच्या हाताखाली चौघी. कामावरूनच त्यांची नावं पडली: कॉलरवाली, बाहीवाली, इस्त्रीवाली आणि काजवाली. पहिल्या तिघी तरुण, हसऱ्या, मान डोलावणाऱ्या. काजवाली मात्र सासूबाईंच्याच वयाची, अगदी पहिल्या दिवसापासूनची. तिला जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर मत होतं. "माझं एक म्हणणं आहे," असं म्हणून ती सुई कापडात टोचून ठेवायची. सुई टोचली गेली की बाकीच्या समजायच्या, आता चहा गार होणार.

मी वरच्या वर्गांना नागरिकशास्त्र शिकवते. उद्याचा धडा आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून बघायची मला सवय आहे. शेगडी हा माझा सर्वांत लक्ष देणारा विद्यार्थी. सासूबाई समोर बसून तयार शर्टांचे जादा दोरे कापत असतात आणि माझ्याकडे रीतसर दुर्लक्ष करतात.

त्या दिवशी मात्र त्यांनी कान दिला, कारण खाली पंख्यावरून रण माजलं होतं. इस्त्रीवाली वाफेने उकडून निघत होती, तिला पंखा जोरात हवा. पंखा जोरात लावला की कॉलरवालीच्या कापलेल्या पट्ट्या खोलीभर उडायच्या. सासूबाईंनी एकीच्या बाजूने निकाल दिला की दुसरी गाल फुगवून बसे. न्याय देऊन देऊन त्या कावल्या होत्या. नेमकी मी तेव्हा शेगडीला सांगत होते की लोकशाहीत निर्णय बहुमताने होतात.

"म्हणजे डोकी मोजायची?" सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, हो, सुरुवात तिथून होते, पण एवढ्यावर संपत नाही. बहुमताला काय करता येत नाही, माणसाचे कुठले हक्क कुणालाच काढून घेता येत नाहीत, संविधान कशासाठी असतं, तो दुसरा धडा उद्या. दुसऱ्या दिवशी मी दुसरा धडा काढला तेव्हा सासूबाई दोरे कापता कापता पेंगत होत्या. हक्कांपर्यंत पोचेतो त्या चक्क घोरायला लागल्या. उठल्यावर म्हणाल्या, मूळ मुद्दा कालच कळला होता, आज नुसतं पाल्हाळ होतं.

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. सकाळी खाली लोकशाही सुरू झाली. मतदानाला बटणं. पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. प्रत्येकीने मूठ बंद करून खडूच्या रिकाम्या डब्यात बटण टाकायचं, म्हणजे कुणाचं कुठलं ते कळायला नको. पंख्याचा प्रश्न एका फटक्यात सुटला, मधल्या वेगावर. सासूबाईंना एवढा आनंद झाला की त्या दिवसापासून त्यांनी दिसेल त्या गोष्टीवर मतदान घ्यायला सुरुवात केली. चहा आधी की इस्त्री आधी. रेडिओवर गाणी की बातम्या. खिडकीत येणाऱ्या मांजराला हाकलायचं की नाही. मांजर बहुमताने राहिलं.

दर वेळी डब्यात एक काळं बटण निघायचंच. मतदान गुप्त होतं खरं, पण काजवालीला गुपित पोटात ठेवता येत नसे. "ते काळं माझं," असं ती स्वतःच जाहीर करायची, आणि मग, माझं एक म्हणणं आहे. मग सुई कापडात, आणि काम ठप्प. मांजराबद्दल ती इतका वेळ बोलली की मांजरच उठून गेलं.

शेवटी कॉलरवालीने ठराव मांडला की काजवालीने सभेत बोलू नये. बटण टाकावं आणि गप्प बसावं. डबा उघडला. चार पांढरी, एक काळं. काजवालीने तोंड उघडलं आणि लगेच तिला आठवण करून देण्यात आली की ठराव मंजूर झाला आहे. तिने तोंड मिटलं, सुई उचलली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी सासूबाईंना म्हटलं, आई, असं करता येत नाही. बहुमत म्हणून कुणाचं तोंड बंद करायचं नसतं, तो तिचा हक्क आहे.

"कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, दुसऱ्या धड्यात.

"तो धडा अजून आमच्याकडे लागू झालेला नाही," सासूबाई म्हणाल्या आणि दोरा कापला.

काजवाली त्यानंतर खरोखरच बोलेना. सभेत मूग गिळून बसायची, काळं बटण टाकायची, आणि ते कुणाचं हेही सांगायची नाही. चहा गरम मिळू लागला. पण सासूबाईंना तो गोड लागत नसावा, कारण काम करता करता त्या खिडकीकडे बघायच्या आणि उगाचच विचारायच्या, काज झाले का. खाली मान घालून "हो" एवढंच उत्तर यायचं.

त्यातच सासूबाईंचा गुडघा बिघडला. कापायचं काम उभ्याने, आणि डॉक्टरांनी उभं राहायला बंदी केली. माझ्या नवऱ्याला आईची काळजी वाटते, पण काळजी वाटली की तो साहेब होतो. त्याने परस्पर ठरवलं, आईने आता वर बसून आराम करायचा, कापायचं काम कॉलरवालीने घ्यायचं. सासूबाई ऐकणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने डोकं लढवलं. तयार माल शाळांमध्ये पोचवायचं काम त्याचं, म्हणून या वेळी त्याने आपल्यालाही एक मत मागून घेतलं. तो म्हणाला, मतदान घेऊ.

सासूबाईंना हसूच आलं. त्या मला म्हणाल्या, या सगळ्यांना हातात सुई धरायला मी शिकवलं, माझ्याविरुद्ध कोण बटण टाकणार. मला मत नव्हतं, म्हणून मी जिन्याच्या पायरीवर बसले. त्या बाईला टेबलापासून तोडलं तर ती वर खुर्चीत बसून आठवड्याभरात म्हातारी होईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला भीती वाटत होती आणि नवऱ्याचा रागही आला होता.

सासूबाई बोलायला उभ्या राहिल्या, तर नवऱ्याने त्यांना थांबवलं. तू बोललीस तर या घाबरतील, मग मतदान कसलं, असं तो म्हणाला. इस्त्रीवाली म्हणाली, बाई, तुमच्या भल्याचंच आहे, तुम्ही नका त्रास करून घेऊ. बाहीवालीच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती, आणि त्या प्रेमानेच एकीने सासूबाईंना हात धरून खाली बसवलं. डबा फिरला.

चार पांढरी. दोन काळी.

एक काळं सासूबाईंचं होतं. दुसरं कुणाचं, ते सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यात जास्त सासूबाईंना. ज्या बाईचं तोंड त्यांनी बंद केलं होतं, तीच एकटी त्यांच्या बाजूला उभी होती. सासूबाईंनी गळ्यातली टेप काढली, कात्री उचलली, तिच्यावरचे दोरे झटकले आणि ती टेबलावर मधोमध ठेवली. ठरलं तर ठरलं, असं काहीतरी पुटपुटल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी पुटपुटताना ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीखाली काजवालीने सुई कापडात टोचली.

ती उठली. कॉलरवालीने आठवण करून दिली की तिला बोलायची परवानगी नाही. काजवाली उभीच राहिली, सासूबाईंकडे बघत. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या कात्रीकडे. मग म्हणाल्या, "बोल."

"माझं एक म्हणणं आहे," काजवाली म्हणाली. "मला या बाईचं काडीचं कौतुक नाही. हिने मला कुत्र्यासारखं गप्प बसवलं, ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. पण गुडघा हिचा, हात हिचे, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून हिचं काय करायचं ते ठरवलं. हिला एका शब्दाने विचारलं का? पंख्यावर मोजा की डोकी. माणसावर कसली मोजता?"

माझ्या नवऱ्याने टकलावरून हात फिरवला.

मग सासूबाईंना विचारण्यात आलं. त्यांचं उत्तर इतकं छोटं होतं की सगळ्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली आहे, कापायला नाही. टेबलाचे पाय कापून ते ठेंगणं केलं तर बसून कापता येईल. हे त्यांना दुखणं सुरू झालं तेव्हाच सुचलं होतं, पण सभेत बोलू दिलं असतं तर सांगणार ना. माझा नवरा त्याच संध्याकाळी करवत घेऊन आला. त्याने टेबलाचा एक पाय जरा जास्तच कापला, आणि ती गोष्टही आता पतंगाच्या कागदाबरोबर त्याला ऐकवली जाते.

काजवालीला बंदी करणारा ठराव रद्द झाला, मतदान न घेता. सासूबाईंनी शिंप्याच्या खडूने भिंतीवर लिहिलं: ज्याच्याबद्दल ठराव, त्याचं आधी ऐकायचं. नवरा म्हणाला, रंगाने लिहू, खडूचं पुसलं जाईल. सासूबाई म्हणाल्या, पुसलं की पुन्हा लिहू, तेवढंच लक्षात राहील. काजवालीला अक्षर आवडलं नाही आणि तिने तसं सांगितलं.

मी मात्र आता शाळेत दुसरा धडा आधी शिकवते. मुलं विचारतात, बाई, पुस्तकात तर बहुमत आधी आहे. मी म्हणते, पुस्तक लिहिणाऱ्याला सासू नसेल.

काजवालीवरची बंदी उठली त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आले, तर सासूबाई दोरे कापायला बसल्या होत्या आणि शेजारी काजवाली होती. जिना चढून ती आजवर कधी वर आली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, तो हक्कांचा धडा पुन्हा वाच, आज झोपणार नाही. मी पुस्तक उघडलं, पहिलं वाक्य वाचायला घेतलं, आणि काजवालीने हातातली सुई शर्टाच्या बाहीत टोचून ठेवली.

सासूबाईंनी माझ्यासमोरचं पुस्तक हलकेच मिटलं. "थांब जरा," त्या म्हणाल्या. "आधी तिचं ऐकू."