वरच्या भाऊजींची हिरवी तार

एका हुतात्म्याच्या स्मृतिदिनी, त्याच्याच आठवणीसाठी बांधलेल्या तारेवर, मी तीन ओल्या गोधड्या वाळत घातल्या होत्या. आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर आमच्या सोसायटीतलं कुणीतरी तुम्हाला गाठून सांगेलच. तेव्हा मी साठीत नुकतीच शिरलेली, म्हणजे तशी पोरसवदाच. सगळी नोकरी शाळेत मुलांना "आधी नीट बघ, मग कर" असं सांगण्यात गेली, त्यामुळे स्वतः नीट बघायला वेळच मिळाला नव्हता. पण माझा मूर्खपणा किती मोठा ते कळायचं तर आधी वरच्या भाऊजींची ओळख करून घ्यायला हवी. एवढ्या देशांतल्या लोकांशी बोलणारा आणि शेजाऱ्यांशी एवढं कमी बोलणारा दुसरा माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही.

भाऊजी आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांचं आयुष्य तारखात्यात गेलं. पुढे तारा बंद झाल्या, भाऊजींची बोटं बंद झाली नाहीत. त्यांना हौशी रेडिओचा नाद. सरकारचा परवाना, टेबलावर एक यंत्र, मोर्सचे ठोके द्यायची एक किल्ली आणि गच्चीवर अँटेना, एवढ्या भांडवलावर हा माणूस ब्राझीलपासून जपानपर्यंत कुणाशीही कट्ट-कडकट्ट करत बसतो. फिनलंडमधल्या एका दाताच्या डॉक्टरशी तर त्यांचा असा घरोबा, की त्याची सून बाळंत झाल्याचं भाऊजींना त्याच दिवशी कळलं. माझी सून बाळंत झाली हे त्यांना बारशाचं आमंत्रण गेल्यावर कळलं, आणि तेव्हाही त्यांनी जिन्यात फक्त मान हलवली.

तोंड गप्प, पण बोटं सदा बडबडत असतात. भाजीबाजारात ते दुधीवर टकटक करत उभे राहतात आणि भाजीवाल्याला वाटतं, गिऱ्हाईक फार पारखी आहे. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अक्षता मुठीत तशाच राहतात आणि दुसऱ्या हाताची बोटं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर नाचतात. त्या खुर्चीतल्या बाई दोनदा मागे वळून बघतात आणि तिसऱ्यांदा खुर्ची बदलतात. सोसायटीची सहल सप्तशृंगीच्या गडावर गेली होती. आम्ही सगळे दर्शनाच्या रांगेत, आणि भाऊजी कड्याकडे तोंड करून उभे. मी म्हटलं, देवीचं ध्यान करत असतील. जवळ गेले तर म्हणतात कसे, "काय उंची आहे हो, बाई! इथं तार बांधली तर अर्धा आशिया सापडेल." देवीनं ऐकून घेतलं. तिचं मन मोठं.

या रेडिओवाल्यांत समोरच्याचा आवाज कसा येतोय ते आकड्यांत सांगायची पद्धत आहे. पाच-नऊ म्हणजे स्वच्छ आणि खणखणीत. भाऊजी सगळ्या जगाला याच मापानं मोजतात. बायकोनं मोठ्या हौसेनं विचारलं, "आमटी कशी झालीय?" तर उत्तर येतं, "चार-सात." त्यांच्या भाचीला बघायला एक मुलगा आला होता. तासभर एकटाच बोलून गेला. तो गेल्यावर सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "पाच-नऊ. पण मजकूर काही नव्हता." ते स्थळ तिथंच बारगळलं. भाची अजून त्यांना दुवा देते.

वर्षातून एक दिवस मात्र भाऊजी दाढी गुळगुळीत करतात, इस्त्रीचा सदरा घालतात आणि गच्चीवर टेबल मांडतात. डिसेंबरातला तो त्यांच्या मामांचा दिवस. मामा नांदगावचे. सैन्यात वायरलेसवर होते, एकाहत्तरच्या लढाईत गेले, मागून शौर्यपदक आलं. सुट्टीवर आले की भाच्याला पाटीवर टकटक करून शिकवायचे, तीच विद्या भाऊजींच्या बोटांत उतरली. त्या एका दिवसापुरतं भाऊजी सरकारकडून खास नाव मागून घेतात, त्यात मामांची आद्याक्षरं असतात. दिवसभर जगातले रेडिओवाले त्या नावाला हाका मारतात आणि मग प्रत्येकाला मामांचा फोटो छापलेलं कार्ड जातं. मामांनी नांदगाव आणि लष्कराची छावणी यापलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं. आता त्यांचा फोटो चिलीतल्या कुणाच्या तरी भिंतीवर आहे.

त्या वर्षी कुमाऊँच्या पहाडातून एक पत्र आलं होतं. लढाईत मामांचा शेवटचा संदेश ज्यानं ऐकला, तो सैनिक अजून होता. संदेश त्याला अक्षर न् अक्षर मिळाला होता, पण त्याच्या यंत्राची पाठवायची बाजू निकामी झाली होती. 'मिळाला' एवढं कळवता आलं नाही. म्हणून मामा तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहिले. मदत पोचली तेव्हा बाकीचे वाचले, मामा नव्हते. आता त्या सैनिकाचे डोळे गेले होते, हात कापत होता. मुलीकडून लिहवून घेतलं होतं, "मला ते उत्तर किल्लीवरच द्यायचं आहे. फोनवर नको." गावातल्या एका रेडिओवाल्या मास्तरांकडे त्याला उचलून आणणार होते. सकाळी अकरा वाजता. अर्धा तास बसवेल, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी साडेदहाला मला दिसली ती फक्त एक लांबलचक हिरवी तार. एक टोक बांबूच्या शेंड्याला, दुसरं खाली कठड्याला. गच्चीवर कपड्यांसाठी दोरी बांधा म्हणून मी दोन वर्षं कमिटीच्या मागे लागले होते. म्हटलं, अखेर यांना सुबुद्धी झाली! कमिटीचं मनोमन कौतुक करत मी पहिली गोधडी टाकली, दुसरी टाकली, आणि तिसरी टाकून चिमटा लावते तोच पाण्याच्या टाकीला बांधलेली दोरी तुटून बांबू माझ्या शेजारी धाडकन पडला.

जिन्यातून भाऊजी आले. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातानं ऐंशीच्या पुढच्या आईला धरलेलं. भाऊजींनी तारेकडे पाहिलं, गोधड्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"बाई, गोधड्या आपल्या?"

"माझ्या. दोरी कमिटीची ना?"

"दोरी नाही. मामांची तार आहे."

मी धावत तिन्ही गोधड्या ओढून काढल्या. भाऊजींनी बांबू उभा केला, पण दोरीच्या चिंध्या झालेल्या, नवी आणायला वेळ नाही. "तारेला हात लावू नका. बांबू धरा, आणि हलू नका. हललात की पहाड गेला."

"किती वेळ धरू?"

"उत्तर येईपर्यंत."

"आणि नाही आलं तर?"

भाऊजी आईला खुर्चीत बसवून यंत्र जोडायला लागले. खुर्चीत बसलेल्या मावशी, म्हणजे त्यांच्या आई, मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "धरंल ती. लय दांडगी हाय."

ओल्या पदरानं, डिसेंबरच्या वाऱ्यात, मी पुतळ्यासारखी उभी. पाच मिनिटांत खांदे बोलायला लागले. दहा मिनिटांत मी मनातल्या मनात भाऊजींच्या सात पिढ्यांशी संपर्क साधला. हा हात सोडून तो लावावा असा विचार करत होते, तेवढ्यात भाऊजी उभे राहिले आणि त्यांनी पदकाबरोबर आलेला कागद वाचायला घेतला. दरवर्षी सुरुवात अशीच करतात म्हणे. त्यांचा तो नेहमीचा सपाट आवाज. तोफगोळ्यानं अँटेनाचा खांब पडला, तेव्हा जखमी असूनही एका हातानं खांब उभा धरून, दुसऱ्या हातानं मामांनी संदेश चालू ठेवला.

मी हात बदलला नाही.

मग भाऊजींनी किल्लीवर मामांचा तोच संदेश पाठवला आणि आईला कळावा म्हणून तोंडानंही म्हटला, "ठाणं सोडलेलं नाही. जखमी आहेत. मदत पाठवा." यंत्रातून नुसती खरखर आली. भाऊजींनी पुन्हा पाठवला. पुन्हा खरखर. अकरा वीस झाले, अकरा पंचवीस झाले. पाठवण्याचा वेग तसूभर कमी नाही, पण मानेवरून घाम ओघळताना मला मागून दिसत होता. सातव्या का आठव्या वेळी त्या खरखरीतून काहीतरी आलं. फार हळू, अडखळत, एखादा म्हातारा जिना चढावा तसं. भाऊजींची पेन्सिल चालली आणि थांबली.

"काय रे?" मावशींनी विचारलं.

"मिळाला म्हणतात, आई. मिळाला. मिळाला. तीनदा पाठवलंय."

मी अगोचरपणे विचारलं, "आवाज कसा आला, भाऊजी?" सिग्नल फारच क्षीण होता, तो मलासुद्धा कळला होता. भाऊजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाच-नऊ." खोटं बोलताना मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं.

तो पहाडातला म्हातारा पुढच्या उन्हाळ्यातच गेला. भाऊजी अजूनही दर डिसेंबरला टेबल मांडतात, आणि सोसायटीत आदल्या दिवशी सूचना लागते, की गच्चीवर कुणी काही वाळत घालू नये. त्या 'कुणी'चं नाव लिहीत नाहीत, एवढा त्यांचा चांगुलपणा. मावशीही आता नाहीत.

पण त्या दिवशी यंत्र बंद झालं तरी मी बांबू धरून तशीच उभी होते. कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मलाही सुचत नव्हतं. मावशी काठी टेकत माझ्यापाशी आल्या, माझ्या मुठीवर त्यांनी आपला गार हात ठेवला आणि म्हणाल्या, "सोड गं बाई आता. माझ्या भावाला तेवढं म्हनायला तिथं कोनी नव्हतं."