तारीख मागे गेलेले लॅपटॉप

रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साचतात, धूळ आणि किस्से. धूळ ब्लोअर मारला की जाते. किस्से कुठे झटकायचे? म्हणून तुम्हाला सांगते.

रत्नागिरीत माझं आणि माझ्या भावाचं, दिन्याचं, लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या लॅपटॉपात एक छोटी, गोल, बटणाएवढी बॅटरी असते. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच तिचं काम. लोक तिला 'सेल' म्हणतात. ती मेली की लॅपटॉप चालू करताना आपलं सगळं वय विसरतो आणि पार दहा-बारा वर्षं मागे जाऊन बसतो. बदलायला अख्खं मशीन खोलावं लागतं, आणि तेवढ्या वेळात गिऱ्हाईक समोर बसून बोलतं. बोलतं म्हणजे काय, सगळं ओकतं!

लांज्याचे एक रिटायर्ड मास्तर आले. बँकेची साइट उघडत नव्हती. स्क्रीनवर येई, तुमचं घड्याळ मागे आहे.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? स्वयंपाकघरातलं पाच मिनिटं पुढे केलं. हॉलमधलंही केलं. तरी साइट उघडेना!"

दिन्या स्क्रू शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली गेला तो बराच वेळ वर आला नाही. मास्तर मात्र गंभीर. जाताना म्हणाले, "आणि त्या पाच मिनिटांपायी बहिणीला पोचवायला एसटी स्टँडवर आधीच जाऊन बसलो, तर तेवढा वेळ दोन तासांसारखा वाटला हो मला. किती बोलते ती!"

एका भटजींचा लॅपटॉप होता. त्यात पंचांग. तिथी बघायची ती त्यातच, छापील पंचांग माळ्यावर टाकलेलं. सेल गेला, तारीख मागे गेली आणि भटजींच्या लक्षात आलं नाही. एका घरी त्यांनी वडिलांचं श्राद्ध भलत्याच दिवशी लावलं. स्वयंपाक झाला, पानं वाढली, कावळ्यासाठी ठेवलेलं पान दुपार टळली तरी तसंच. शेवटी सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं आणि घोटाळा कळला.

भटजी घामाघूम. म्हणाले, "माझी चूक झाली, परत करून देतो."

थोरला मुलगा पाटावरून उठत म्हणाला, "असू दे हो. जिवंतपणी तरी कुठे वेळेवर वाढलं होतं आम्ही त्यांना!"

हे आम्हाला भटजींनीच सांगितलं. सांगून हसले नाहीत. आम्हीही नाही.

नाटे बंदरावरून एक लॅपटॉप आला, तो सुक्या मासळीच्या पोत्यांशेजारी ठेवलेला. खोलला आणि दुकानात असा वास सुटला की काय सांगू! समोरच्या टपरीवरची मांजर येऊन काउंटरवर बसली ती हलेचना. लॅपटॉपचा मालक म्हणे, "मॅडम, बॅटरी हिनेच खाल्ली नाही ना?"

मग ते दोघे भाऊ. चांगले शिकलेले, इस्त्रीचे शर्ट. वडिलांचा लॅपटॉप घेऊन आलेले. चालू करतानाच पासवर्ड मागत होता. मोबाइलवर त्यांनी व्हिडिओ पाहिला होता की जुन्या मशीनचा सेल काढून ठेवला की पासवर्ड पुसला जातो.

"वडील वारले का?" मी हळूच विचारलं.

"नाही, आयसीयूत आहेत."

"अगं बाई! शुद्धीवर नाहीत?"

"शुद्धीवर आहेत," धाकटा चिडून म्हणाला, "पण सांगत नाहीयेत!"

मी लॅपटॉपला हात लावला नाही. मालक स्वतः आल्याशिवाय आम्ही पासवर्डाला हात लावत नाही म्हटलं. भांडून गेले. आणि काय सांगू, पावसाळा संपता संपता मालक स्वतः आले! काठी टेकत, धापा टाकत, काखेत लॅपटॉप. खुर्चीत बसायच्या आधी म्हणाले, "नवीन सेल घाल. आणि झाकण असं चिकटवून टाक, की माझ्यानंतरच फोडावं लागेल."

आता साळवी काकांचं. आमच्याच आळीतले, एसटीतून रिटायर झालेले. त्यांचा एकुलता एक महेश मालवाहू बोटीवर होता. बोटीला नेट मिळालं की संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, घरच्या जुन्या लॅपटॉपवर. काका-काकू चहाचे कप घेऊन समोर बसायचे. मग एक दिवस कंपनीचा फोन आला, महेश डेकवरून समुद्रात पडला म्हणून. खूप शोधलं, सापडला नाही. बॉडी नाही म्हणून दिवस नाहीत, कार्य नाही. काकू म्हणायच्या, "उचललं असेल हो कुठल्यातरी बोटीने." काका होकाराची मान हलवायचे. आणि संध्याकाळ झाली की दोघं लॅपटॉप उघडून बसायची. अशी काही वर्षं गेली.

मग सेल गेला. तारीख महेश कॉलेजात होता त्या सालात जाऊन बसली आणि कॉलचा प्रोग्रॅम चालू होईना. दोघं मिळून दुकानात आली.

"म्हणजे तो लावत असला तरी इकडे लागायचा नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही लागणार, काकू. तारीख नीट झाल्याशिवाय नाही."

काकांनी काकूंकडे पाहिलं. "बघ! मी म्हटलं नव्हतं?"

मोबाइलवर चालू करून देते म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "नको गो, त्याला ह्याच्यावरच लावायची सवय." बॅटरी मुंबईहून मागवावी लागणार होती. लॅपटॉप माझ्याकडे ठेवून दोघं गेली.

बॅटरी आली. मी फोन करणार तेवढ्यात काका एकटेच आले. स्टुलावर बसले. पाणी दिलं, ते हातातच धरून राहिले.

"आली काय गो?"

"आली काका. आज घालते."

"घालू नको, सुजू. ती हल्ली झोपते. दोन घास जेवते. सेल नाही म्हणून फोन येत नाही, असं धरून बसलीय. तू तारीख नीट करून दिलीस आणि तरी नाही आला फोन, तर मी तिला काय सांगू?"

मला रडूच आलं. दिन्या उठून मागच्या दाराने बाहेर गेला.

"मिळत नाही म्हणून सांग," काका म्हणाले. मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी बाजारातून येताना काकू दुकानात शिरल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी पाठ केलेलं बोलून टाकलं, "काकू, बॅटरी मिळत नाहीये हो. जुनं मॉडेल, बंद झालंय." त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

काकूंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. हुश्श केलं. काउंटरवरून माझा हात धरला.

"बरं झालं गो बाय. मी तेच सांगायला आले होते. उद्या मिळाली तरी नाही म्हण. हे आता कुठे जरा सावरलेत. त्यांना वाटतंय, सेल नाही म्हणून महेशचा फोन येत नाही. वाटू दे."