शिवाच्या राक्षसाचे डोळे

आणि परत चित्राखाली नाव शिवाचंच छापलंय.

कुणाला विचारून, साहेब?

ते डोळे शिवानं रंगवलेले न्हायत.

आज शिवाला जाऊन वर्ष झालं. माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मीच वाढवला.
चौथी शिकलेली बाई हाय मी, चुका काढत बसू नका.

आधी तो चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचा. चौकटीच्या कागदावर मोर, फुलं.
मग पुण्याच्या एका प्रकाशकानं, ह्याच साहेबांनी, बोलावलं. जुन्या परीकथांची पुस्तकं. राक्षस, चेटकिणी, उडते घोडे. जन्मभर मग तेच केलं.

परीला त्यानं इरकल नेसवलं. साहेब म्हणाले, परी अशी नसते.
हा म्हणाला, "तुमी कुटं बघितली?"

एका राक्षसाला आमच्या मैंदर्गीच्या मामाचं नाक दिलं. मामा लई दिवस बोलला न्हाय.

डोळे मात्र शेवटी.
सगळं चित्र झालं की गल्लीतली पोरं गोळा करायचा. बिनडोळ्यांचं चित्र त्यांच्या पुढ्यात ठेवायचा अन् त्यांच्या तोंडाकडं बघत बघत डोळे रंगवायचा.
मी वैतागायची. जेवण गार, घरभर चिखलाचे पाय.

"लेकरू भ्यालं पायजे अक्का. पण पान उलटून पळालं न्हाय पायजे."

शेवटच्या पुस्तकात एका राक्षसाचे डोळे तेवढे राहिले.
शिवाच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस करून आला की ब्रश धरवायचा न्हाय.
साहेबांचा माणूस आला, स्कॅन करून परत देतो म्हणून चित्र घेऊन गेला.

शिवानं माझ्यासमोर फोन लावला.
"साहेब, डोळे राहिलेत. मी रंगवतो. तवर छापू नका."
साहेब हो म्हणाले. फोन स्पीकरवर होता. मी ऐकलंय.

त्याच आठवड्यात शिवा गेला.

आता पुस्तक आलंय. कॉम्प्युटरवर डोळे भरलेत. लालभडक, गाडीच्या मागच्या लाइटीसारखे.

गल्लीतल्या पोरांना दाखवलं. भ्यालं न्हाय कुणी.
शेजारची चिमी म्हणाली, "हे तर गेममधलं हाय," अन् पान उलटलं.

मी आत जाऊन बसले. रडले न्हाय. राग लई आला.

ऑफिसात फोन केला तर तिथली पोरगी म्हणती, मॅडम, छान पोस्ट लिहा ना, आम्हाला टॅग करा.
केलं बघ टॅग.

खाली फुलं टाकणार असाल तर टाका, हात जोडा. त्याला माणसं आवडायची.

शिवा, बाळा, नीट जा. भांडायला मी हाय की हितं.

साहेब, त्या चित्राखालचं नाव काढा. डोळे तुमचे, नाव बी तुमचंच घाला.
अन् कागदावरचं त्याचं चित्र, बिनडोळ्यांचं, जसं नेलं तसं घरी आणून द्या. तसंच लावणार हाय मी भिंतीवर.

देणार का न्हाय?
सोमवारपर्यंत सांगा. हितंच, सगळ्यांसमोर.